शाळा पाडली तो सोमवार

“बाई, शाळेची किल्ली लागेल आम्हाला.”

दारात उभा असलेला फौजदार माझ्याच वयाचा असेल, पंचवीस-सव्वीसचा. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, बूट धुळीनं पांढरे झालेले. त्याच्यामागे अंगणात वीस-बावीस पोलीस येऊन थांबले होते. काही जण हापशावर तोंड धूत होते. वर्गातली तेवीस मुलं एकदम गप्प झाली होती.

“शाळा चालू आहे,” मी म्हणाले. “आणि मला वरून लेखी लागेल.”

“लेखी आणायचं तर तालुक्याला माणूस पाठवावा लागेल. तोवर हा मरेल.”

तो बाजूला झाला. दोन बांबूंना घोंगडी बांधून केलेल्या झोळीत एक पोलीस पडला होता. दात वाजत होते, डोळे अर्धवट मिटलेले. मलेरिया डोक्यात गेला की माणूस कसा दिसतो, ते दोन वर्षांत मी दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा ती पोरं होती, आणि दोन्ही वेळा आम्ही त्यांना पुरून आलो होतो.

मी पिशवीतून किल्ली काढली आणि फौजदाराच्या हातावर ठेवली. भर दुपारी बारा वाजता, उघड्या अंगणात. हापशावर पाण्याला आलेल्या बाया बघत होत्या. आंब्याखाली बसलेले दोघे-तिघे म्हातारे बघत होते.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. इरुमगुडा हे गडचिरोलीच्या पार दक्षिणेकडचं, चाळीस घरांचं माडिया गाव. पक्का रस्ता तिथून चौदा किलोमीटर. शाळा दोन खोल्यांची, वर टिनपत्रे, आणि शिक्षक मी एकटी. दुसरी जागा रिकामीच होती. जो यायचा तो हजर होऊन आठवड्यात रजेवर जायचा. मी हिंगणघाटची, कुंदा भोयर. पहिलीच नोकरी होती. सोडून जायचं कुठं हेही माहीत नव्हतं, म्हणून टिकले.

मुलांना मराठी येत नव्हती आणि मला माडिया येत नव्हती. आमच्या दोघांमधली वाट म्हणजे जुरी.

जुरी पुंगाटी चौथीत होती. वय अकरा. तिचे दोन हिवाळे मामाकडे बाजाराच्या गावी गेले होते, तिथं तिनं मराठी उचलली होती. मी फळ्यावर पाण्याचं चित्र काढायची आणि म्हणायची, “पाणी.” जुरी मागून म्हणायची, “येर.” मग सगळी मुलं, “आं, येर!” मी गोष्ट सांगायला लागले की वाक्यावाक्याला थांबायची, आणि जुरी ती गोष्ट माडियातून सांगायची. कधी कधी मुलं नको तिथं खदाखदा हसायची. तेव्हा मला कळायचं, हिनं पदरचं काहीतरी घातलंय.

“काय सांगितलंस गं?”

“तू सांगितलं तेच. थोडं मीठ टाकलं.”

तिथं सगळे सगळ्यांना ‘तू’च म्हणत. कलेक्टर आला तर त्यालाही ‘तू बस’ म्हणतील. सुरुवातीला मला खटकलं, मग तेच गोड वाटायला लागलं.

जुरीचा बाप दुंगा पुंगाटी हा आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष. सही म्हणून अंगठा. पण शाळेच्या पत्र्यातला एकेक खिळा त्यानं स्वतः ठोकलेला. ही इमारत होण्याआधी सहा वर्षं गावात शाळा फक्त कागदावर होती. बांधकामाचं सामान ओढ्यापलीकडे पडून राहिलं तेव्हा दुंगानं गाव गोळा केलं, आणि बायापोरांनी पत्रे डोक्यावर वाहून आणले. हे मला त्यानं नाही, गावातल्या इतरांनी सांगितलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. दारातच उकिडवा बसला.

“किल्ली तू दिली?”

“माणूस तापानं फणफणत होता, दुंगा. मरू द्यायचा होता का?”

“तसं नाही म्हणत मी.” त्यानं जमिनीवर बोटानं रेघ ओढली, पुसली. “मला बोलवायचं होतं. मी दिली असती.”

“त्यानं काय फरक पडला असता?”

 तो उठताना म्हणाला, “कोणी काही विचारलं तर तू बोलू नको. तुला आमचं बोलणं समजत नाही. ते बरं आहे.”

पोलीस तीन दिवस राहिले. मी मुलांना घेऊन आंब्याखाली शाळा भरवली. आजारी पोलिसाला सलाइन लागलं, तिसऱ्या दिवशी तो उठून बसला, आणि मला वाटलं, चला, आपण एक जीव वाचवला. जाताना फौजदारानं किल्ली परत दिली. “बहीण म्हणून लक्षात राहाल,” म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

आत गेले तर वर्गाच्या भिंतीत दोन भोकं पाडलेली होती, प्रत्येक बंदुकीची नळी जाईल एवढं. खिडकीत वाळूच्या गोण्या तशाच. बाराखडीचे तक्ते धुरानं काळे झालेले. आणि फळ्यावर, सुबक अक्षरात, कोणीतरी लिहून ठेवलेलं: धन्यवाद बाई.

मुलं आत आली. दुसरीतल्या एका पोरानं बोट ठेवत ठेवत वाचलं, “ध… न्य… वा… द.” पुस्तकात नसलेलं वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वाचलं होतं. मला इतका आनंद झाला! तेवढ्यात जुरी तीरासारखी पुढे गेली आणि तिनं फ्रॉकच्या घेरानंच ते पुसून टाकलं.

“अगं, वाचू दे ना त्याला!”

“नको,” ती म्हणाली. एवढंच.

ती भोकं मी चिखलानं लिंपली. मुलं मात्र दोन दिवस त्यातून एक डोळा लावून बाहेर बघत होती आणि तोंडानं ‘ठो ठो’ करत होती.

अकरा दिवस गेले. मोहफुलांचे दिवस होते. बाया पहाटेच टोपल्या घेऊन रानात जायच्या, मुलं उशिरा यायची, हातांना फुलांचा चिकट वास घेऊन. सोमवार होता. दहा वाजले असतील. मी प्रार्थनेला मुलं उभी करत होते, एवढ्यात दुंगा धावत आला. मी त्याला कधी धावताना पाहिलं नव्हतं. तो माझ्याकडे आला नाही. सरळ जुरीपुढे गुडघ्यावर बसला, तिचे दोन्ही खांदे धरले आणि माडियातून काहीतरी बोलला. भराभर, हलक्या आवाजात. जुरीनं एकदा मान हलवली. मग पुन्हा. मग तिनं काहीतरी विचारलं, आणि त्यानं दोन बोटं दाखवली.

“काय झालं?” मी विचारलं.

“ते आले,” दुंगा म्हणाला. “घाबरू नको. जुरीजवळ बस. ती सांगेल तुला.”

ते म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. दादालोक म्हणायचे त्यांना. जंगलातले.

दहा-अकरा जण असतील, हिरव्या कपड्यांत. त्यांत दोन मुली. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कोणाला धक्का मारला नाही. घरोघर जाऊन लोकांना बोलावलं आणि शाळेच्या अंगणात बसवलं, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. रानातून परतणाऱ्या बायांना वाटेतच वळवलं. त्या मोहाच्या टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या. मुलंही बसली. मी मुलांमध्ये, आणि माझ्या डाव्या हाताला जुरी. तिनं माझं मनगट धरलं होतं.

त्यांचा पुढारी बारीक अंगाचा होता, चष्मा लावलेला. तो माडियातून बोलायला लागला. पुष्कळ वेळ बोलला. मधूनमधून शाळेकडे हात करत होता, भिंतीवरच्या लिंपलेल्या भोकांकडे.

“काय म्हणतोय?” मी कुजबुजले.

“म्हणतो, शाळा पोलिसांचं घर झाली. भिंतीतून बंदूक काढायला जागा केली. अशी शाळा ठेवायची नाही.”

“म्हणजे?”

“पाडायची.”

 खरं सांगते, तेव्हा मला फक्त शाळेचं वाईट वाटलं. त्यापलीकडे काही होईल हे डोक्यातच आलं नाही.

मग पुढारी थांबला. त्यानं एक प्रश्न विचारला. लहानसाच, चार शब्दांचा. कोणी उत्तर दिलं नाही. त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. साठ-सत्तर माणसं, आणि टोपलीतल्या मोहावर घोंगावणाऱ्या माश्यांचा आवाज ऐकू येत होता. पुढाऱ्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

त्याच क्षणी पुरुषांच्या रांगेतून दुंगा उठला.

तो शांतपणे बोलला. चार-पाच वाक्यं असतील. एकदा छातीवर हात ठेवला. एकदा माझ्याकडे बोट केलं आणि हसल्यासारखं करून मान हलवली, जसं आपण एखाद्या खुळ्या माणसाबद्दल बोलताना करतो. एकच शब्द माझ्या कानानं पकडला. किल्ली. तो शब्द त्यांच्याही बोलण्यात तसाच होता.

“किल्लीचं काय म्हणाला तुझा बाबा?”

जुरी क्षणभरही अडखळली नाही. “ते शाळेची किल्ली मागतात. आतलं सामान काढायला. बाबा म्हणतो, मी आणून देतो.”

“अगं, मग माझ्याकडेच आहे की!” मी पिशवीत हात घातला. किल्ली बोटांना लागली. मी ती बाहेर काढणार, तोच जुरीनं माझा हात पिशवीतच दाबून धरला. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

“आता नको,” ती म्हणाली. “ते मागतील तेव्हा.”

दोघांनी पुढे येऊन दुंगाचे हात पाठीमागे बांधले.

“जुरी! बांधलं का त्याला?”

“रस्त्याचं विचारतात.” तिचा आवाज वर्गात धडा सांगतानाचा होता, सपाट. “बाबा मागच्या साली रस्त्याच्या कामावर गेला होता ना, कंत्राटदाराकडे. त्यांना रस्ता नको. म्हणून नेतात. दोन दिवस ठेवतील, दोन दांडे मारतील, सोडतील. आधी पण एकाला नेलं होतं. आला तो.”

“मी बोलते त्यांच्याशी. मी सांगते, हा चांगला माणूस आहे, शाळेचा—”

मी अर्धी उठले होते. जुरीनं मनगट ओढून मला खाली बसवलं.

“बाई, बस. तू उठली तर त्याला जास्त मारतील.”

मी बसले.

समोर बायांच्या रांगेत जुरीची आई होती. तिनं टोपलीतलं एक फूल उचललं होतं आणि बोटांत चुरडत होती, माझ्याकडे बघत. आजूबाजूच्या सगळ्याच बाया माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, परकी बाई आता रडेल की काय, म्हणून बघतायत.

मग शाळा पाडली. त्यांनी नाही, गावानंच पाडली. त्यांनी फक्त सांगितलं आणि उभे राहिले. माणसं घरी जाऊन सब्बल, कुऱ्हाडी, फावडी घेऊन आली. ज्यांनी पत्रे वाहून आणले होते तेच छपरावर चढले. एकेक पत्रा खाली पडायचा तेव्हा लहान मुलं कान झाकायची. नंतर मुलांनाही विटा वाहायला लावलं. पहिलीतली, दुसरीतली माझी मुलं रांग करून विटा हातोहात देत होती, मीच त्यांना कवायतीत शिकवलेली रांग. दुंगाला आंब्याला बांधून ठेवलं होतं. तो बघत होता.

पुस्तकं आधीच बाहेर काढून ठेवली होती. त्या ढिगापाशी हिरव्या कपड्यांतली एक मुलगी वाकली. खांद्यावर बंदूक. सोळा-सतरा वर्षांची असेल. तिनं एक पुस्तक उचललं, मधूनच उघडलं, ओठ हलवत एक ओळ वाचली. मग मराठीतून मला विचारलं, “हे कितवीचं?”

“तिसरीचं.”

“मी पाचवीपर्यंत होते. आश्रमशाळेत.” तिनं पुस्तक मिटून ढिगावर नीट सरळ ठेवलं. मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि चेहरा बदलून ती म्हणाली, “तू आज गाव सोड. ऊन उतरायच्या आत. परत यायचं नाही.”

चार वाजेपर्यंत जोतं तेवढं उरलं. ते लोक दुंगाला घेऊन मागच्या वाटेनं निघाले. जाताना त्यानं वळून जुरीकडे पाहिलं आणि पुन्हा दोन बोटं दाखवली. पाठीमागे बांधलेल्या हातांची.

मोहासाठी गावात आलेल्या जुरीच्या मामानं मला चौदा किलोमीटर चालवत रस्त्यापर्यंत पोचवलं. सगळी वाट तो माझ्यापुढे दहा पावलं चालत होता. शेवटची जीप मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गटशिक्षण कार्यालयात बसून अहवाल लिहीत होते. ‘इमारत पूर्णतः जमीनदोस्त’ एवढं लिहून झालं होतं. शिपाई आत आला आणि बाबूला म्हणाला, “इरुमगुड्याचा एक माणूस मारून टाकला म्हणते. रस्त्याच्या वळणावर पडला होता. गळ्यात चिठ्ठी. खबरी म्हणून.”

“कोण?” मी विचारलं.

“पुंगाटी म्हणून कोणी.”

मी उठले, आणि मग काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा बाबू माझ्या तोंडावर पाणी मारत होता. माझ्या तोंडून सारखं एकच येत होतं म्हणे. दोन दिवस. दोन दिवस म्हणाली होती ती.

पोलिसांत माझा जबाब झाला. मारण्याचं कारण काय असावं, असं विचारलं. मी सांगितलं, रस्त्याच्या कामावरून. मला तेवढंच माहीत होतं; ‘खबरी’ तर ते प्रत्येकाच्याच चिठ्ठीत लिहीत. त्यांनी तसं लिहिलं, मी खाली सही केली. महिन्याभरात माझी बदली वर्धा जिल्ह्यात झाली.

आणि मग मी जगले. लग्न झालं, दोन मुली झाल्या, मुख्याध्यापिका झाले. इरुमगुड्याची गोष्ट मी लोकांना सांगायची. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हमखास. “भोयर मॅडम, तुमचा तो अनुभव सांगा,” म्हणायचे. मी सांगायची: गावानंच शाळा पाडली, मुलांनी विटा वाहिल्या, आणि आमच्या अध्यक्षाला रस्त्याच्या कामावर गेला म्हणून मारलं. लोक सुन्न व्हायचे. कोणी तरी डोळे पुसायचं. शेवटी टाळ्या वाजायच्या. सतरा-अठरा वर्षांत मी ही गोष्ट शंभर वेळा तरी सांगितली असेल.

मागच्या डिसेंबरात नागपूरला एक कार्यशाळा होती. आदिवासी मुलांसाठी त्यांच्या बोलीतून पहिलीची पुस्तकं करायची होती. सकाळी नावनोंदणीच्या टेबलावर माझ्या पुढे एक बाई उभी होती. काळीसावळी, उंच, केस मागे घट्ट बांधलेले. तिनं नाव सांगितलं, “जुरी दुंगा पुंगाटी. सहशिक्षिका.”

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. तिनं ते उचलून दिलं, आणि ओळखलं.

“नमस्कार बाई,” ती म्हणाली. “कशा आहात तुम्ही?”

‘तुम्ही’ म्हणाली. मी तिला मिठी मारली. ती आखडलेली होती, पण तिनं मिठी मारू दिली.

सकाळच्या सत्रात संयोजकांनी मला बोलायला सांगितलं. मी काय बोलणार! जुरी समोर बसली होती, आणि मला वाटलं, हिच्या वडिलांची आठवण काढावी. मी तीच गोष्ट सांगितली. या वेळी जास्तच मनापासून. शेवटी म्हणाले, “त्या थोर माणसाची मुलगी आज आपल्यात आहे.” टाळ्या वाजल्या. जुरी खाली बघत होती.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. “बाहेर येता?”

इमारतीमागे सिमेंटचा एक ओटा होता, त्यावर आम्ही ताटं घेऊन उन्हात बसलो. 

“तुम्ही नेहमी असंच सांगता का?” तिनं विचारलं. “रस्त्याचं?”

“हो. का गं?”

“ते मी बनवलं होतं.”

मला आधी कळलंच नाही. ती माझ्याकडे न बघता बोलत राहिली, आणि बोलता बोलता ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तिलाही कळलं नाही.

“त्यानं विचारलं होतं, पोलिसांना दार कोणी उघडलं. दोनदा विचारलं. मग तो तुझ्याकडे बघायला लागला. बाबा उठला आणि म्हणाला, मी अध्यक्ष आहे. शाळेची किल्ली माझ्याजवळ असते. मी पोलिसांना दिली. ही मास्तरीण बाहेरची, हिला आपलं बोलणंसुद्धा समजत नाही, हिला कोण विचारतो.”

समोरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. कोणीतरी ‘आउट’ म्हणून ओरडलं. माझ्या हातातलं ताट कलंडलं होतं आणि वरण साडीवर सांडत होतं, ते जुरीनं बाजूला केलं तेव्हा मला दिसलं.

“पण मी तर उघड दिली होती,” मी म्हणाले.  “हापशावर बाया होत्या. म्हातारे होते…”

“सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, बाबा खोटं बोलतोय. आईला माहीत होतं. कोणी बोललं नाही.”

त्या बाया माझ्याकडे का बघत होत्या, हे मला अठरा वर्षांनी कळलं. साठ-सत्तर माणसं, म्हाताऱ्यांपासून पहिलीतल्या पोरांपर्यंत, तिथं काय चाललंय ते सगळ्यांना समजत होतं. समजत नव्हतं ते फक्त शाळेच्या मास्तरणीला.

“आणि तू मला…”

“बाबानं सांगितलं होतं. आला तेव्हा, धावत. म्हणाला, मी सांगेन की किल्ली मी दिली. बाईला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती कदाचित मधे बोलेल आणि दोघंही जाऊ. मी विचारलं, तुला काय करतील? तो म्हणाला, आपल्यातल्याच माणसाला काय करतात, दोन दांडे मारतील, दोन दिवस ठेवतील. बाईला काही झालं तर मात्र दुसरी मास्तरीण येणार नाही.”

“जुरी…”

“रस्त्याचं मी मनानं घातलं. पण दोन दिवसांचं खोटं नव्हतं, बाई. ते मला खरंच वाटलं होतं. मी बुधवारी संध्याकाळपर्यंत वाटेवर बसून होते. मंगळवारी त्याला आणून जाळलं, तरी बुधवारी मी वाटेवर बसले होते. तो बुधवारी येतो म्हणाला होता.”

ती रडली नाही. मीही रडू शकले नाही.  डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: पोलिसांच्या कागदावर माझी सही आहे. रस्त्याच्या कामावरून.

“मग आली का?” मी विचारलं. “दुसरी मास्तरीण?”

“अकरा वर्षं नाही. कोणी यायला तयार नव्हतं. मला मामानं आश्रमशाळेत घातलं. आपल्या वर्गातले बाकीचे तसेच राहिले. दोघं जंगलात गेले, एक पोलिसात. मग मी डी.एड. करून आले आणि तेच गाव मागून घेतलं. आता सदतीस मुलं आहेत.”

आत घंटा झाली. लोक हात धुऊन सभागृहाकडे चालले होते. जुरी उठली नाही.

“मला एक विचारायचं होतं तुला,” ती म्हणाली. “अठरा वर्षं झाली, रोज विचार करते. मी तेव्हा खरं सांगितलं असतं, त्यानं काय विचारलं आणि बाबा काय म्हणाला ते, जसंच्या तसं, तर तू उठली असतीस का? सांगितलं असतंस का, की किल्ली मी दिली?”

मी तोंड उघडलं. ‘हो’ म्हणायचं होतं. कुठल्याही शिक्षिकेनं जे म्हणावं तेच. पण मी पंचवीस वर्षांची होते, आणि समोर बंदुका होत्या, आणि ‘बस’ म्हटल्याबरोबर मी बसले होते. एवढ्या लवकर बसले होते.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

जुरीनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ.

“बाबालाही माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “म्हणून तर त्यानं तुला विचारलं नाही.”